तांबड्या खुणेची हार्ड डिस्क

आमच्या घरात खूण नसलेली वस्तू सापडणं कठीण. आईच्या कोंबड्यांच्या पायांत हिरव्या नायलॉनच्या दोऱ्या आहेत, कारण शेजारच्यांच्या कोंबड्याही तशाच तांबूस आहेत. नारळ पाडले की पाडेली माडावरून उतरायच्या आत बाबा प्रत्येक नारळावर कोयत्याने एक चीर मारून मोकळे होतात. शिडी, खोरं, ताडपत्री, लग्नाला मांडवात दिलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, सगळ्यांवर तांबड्या ऑइल पेंटने काढलेला एक गोल आणि त्यात दोन उभ्या रेघा. आंब्याच्या पेट्यांवरही तीच खूण. माझ्या शाळेच्या डब्याच्या बुडालाही ती होती. मुली विचारायच्या, तेव्हा मी कंपनीचा छाप आहे म्हणून सांगायची.

त्यामुळे लॅपटॉपची हार्ड डिस्क बदलायची आहे, असं मी घरी सांगितलं तेव्हा बाबांनी किती दिवस लागतील, काय लागेल, असलं काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "जुनी आपणाक परत गावतली मा?"

लॅपटॉप मुंबईच्या मावसभावाने वापरून दिलेला. सुरू केला की चहा करून, पिऊन, कप विसळून यावं, तेव्हा कुठे पडद्यावर चित्र दिसायचं. आमच्या घरातून कॉलेजला जाणारी मी पहिलीच, त्यामुळे लॅपटॉप असाच असतो अशी माझी बरेच दिवस समजूत होती. पण तिसऱ्या वर्षाला प्रकल्प पुरा करायची वेळ आली आणि त्याच्यावाचून अडायला लागलं.

प्रकल्प आमच्याच गावातला. आमचं गाव मालवणच्या अलीकडे, खाडीला लागून. मार्च-एप्रिलपासून खाडीकाठच्या विहिरींचं पाणी मचूळ होत जातं. हे सगळ्यांना माहीत आहे, पण कुठल्या विहिरीचं कधी आणि किती, हे कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं. मी नऊ विहिरी धरल्या. दर दुसऱ्या रविवारी कळशीभर पाणी काढायचं, त्यात क्षार मोजायचा पेनासारखा मीटर धरायचा, आकडा वहीत लिहायचा आणि मीटरचा फोटो विहिरीच्या कठड्यासकट काढायचा. असं दोन वर्षं केलं. फोनमध्ये जागा नसायची, म्हणून महिन्याच्या शेवटी फोटो लॅपटॉपवर टाकून फोनमधून पुसून टाकायचे.

फेब्रुवारीत प्रकल्प बघणाऱ्या सरांनी माझे आकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "फार नीट आहेत."

मला वाटलं कौतुक आहे.

"पाणी इतकं नीट वागत नाही. तू प्रत्येक वेळी गेली होतीस?"

मी हो म्हणाले. पण ते लगेच नव्हे, मध्ये थोडा वेळ गेला. सरांना तो जाणवला असावा. "मूळ फोटो आण. तारखेसकट. पंधरा दिवसांत. त्याशिवाय मी सही करणार नाही." सही नाही म्हणजे प्रकल्प नाही, आणि प्रकल्प नाही म्हणजे वर्ष गेलं.

घरी येऊन फोटोंचा फोल्डर उघडला की लॅपटॉप गोठायचा. पेन ड्राइव्हवर घ्यायला गेले की अर्ध्यावर बंद पडायचा. वर्गातल्या एका मुलाने सांगितलं, हार्ड डिस्क म्हातारी झाली आहे. आत नवीन एसएसडी घाल, जुनीला कव्हर घालून बाहेरून लाव, फोटो सुटतील. त्यानेच कुडाळच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीतलं दुकान सांगितलं. आणि जाता जाता हेही सांगितलं, की दुकानवाल्यांवर नजर ठेव, आतलं सगळं उतरवून घेतात.

ते वाक्य मी घरी सांगायला नको होतं. बाबा उठले आणि मागच्या पडवीतून पेंटचा डबा घेऊन आले. पेट्यांचे दिवस जवळ आले होते, डबा उघडलेलाच होता.

"खोल ता," बाबा म्हणाले.

लॅपटॉपच्या पाठीवर दोन स्क्रूंची एक झाकणी होती. मी फोनवर एक व्हिडिओ बघून ती उघडली, डिस्क बाहेर ओढली. पत्त्यांच्या जोडाएवढी चपटी वस्तू. त्यात माझी दोन वर्षं आहेत असं काही तिच्याकडे बघून वाटत नव्हतं. बाबांनी बारीक ब्रशने वरच्या बाजूला गोल काढला, दोन रेघा मारल्या. मग म्हणाले, वरचा कागद ते सोलून काढतील, म्हणून कडेवरही पाहिजे. कडेवर रंग जरा जास्त बसला. डिस्क वाळायला म्हणून त्यांनी ती भिंतीला टेकवून वर्तमानपत्रावर उभी केली, पेट्यांच्या फळ्या करतात तशी. सकाळी मी ती परत आत सारली, स्क्रू लावले आणि पावणेआठची गाडी पकडली.

दुकान अरुंद होतं. मालक पन्नाशीचे, कपाळावर चष्मा चढवलेला, शब्द मोजून बोलणारे. त्यांनी लॅपटॉप उलटासुलटा केला, पाठीवरच्या आमच्या जुन्या तांबड्या खुणेवरून बोट फिरवलं, एका कागदावर लिहिलं, 'कोपऱ्याला तडा, दोन चरे, एक बटण ढिलं', आणि तो कागद माझ्यापुढे सरकवला.

"सही करा."

"कशाला?"

"नंतर तुम्ही म्हणाल, तडा मी पाडला."

मला त्यांचा राग आला. माझ्यावर संशय घेणारा माणूस स्वतः कसा असेल, असं मनात आलं. मी सही केली.

"पासवर्ड लागेल का?" मी विचारलं.

"नको. नव्या डिस्कवर सगळं नवीन टाकणार. जुनीत काय आहे ते मला बघायचं नाही."

खरं तर हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, ज्याला पासवर्डशिवाय उघडता येतं त्यालाच पासवर्ड नको असतो.

मी स्टुलावर बसून राहिले. ते म्हणाले, दुपारी या. मी म्हटलं, इथेच बसते. त्यांनी झाकणी उघडली, डिस्क बाहेर काढली. त्यांच्या अंगठ्याला तांबडं लागलं. त्यांनी अंगठा नाकाजवळ नेला, मग खुणेकडे बघितलं, मग कपाळावरचा चष्मा नाकावर घेऊन पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

"ओला आहे अजून."

मग त्यांनी लॅपटॉपच्या आत वाकून बघितलं.

"आत, जोडणीतही काहीतरी तांबडं लागलंय. नेलपॉलिश सांडलं होतं का?"

"माहीत नाही," मी म्हणाले. हे खोटं होतं. खूण आम्ही केली हे कबूल करणं म्हणजे तुमच्यावर आमचा विश्वास नाही असं तोंडावर सांगणं. त्यांनी लॅपटॉपची आतली बाजू कापसाने पुसली, नवीन एसएसडी बसवली. मग जुनी डिस्क घेऊन ते दुकानाच्या मागच्या बाजूला लावलेल्या कापडी पडद्यामागे गेले. मी उभी राहिले आणि खाकरले. ते एक पारदर्शक प्लॅस्टिकचं कव्हर घेऊन परत आले आणि माझ्यासमोरच डिस्क त्यात घातली.

"लावून बघू? चालते का नाही ते कळेल."

"नको."

"अहो, फक्त लागते का ते."

"नको, लावू नका. मी घरी बघते."

"मर्जी तुमची," ते म्हणाले.

नवीन डिस्कने लॅपटॉप असा सुरू झाला की मी दचकले. चहा करायलासुद्धा वेळ नव्हता.

घरी येऊन वायर जोडली. कव्हरमधला निळा दिवा लागला. पडद्यावर काहीच आलं नाही. काढून पुन्हा लावली, दुसऱ्या बाजूला लावली. कव्हरला कान लावला. आत काही फिरत नव्हतं.

आई दारात उभी होती. "पडद्यामागे कित्या नेल्यान ता?" ती म्हणाली. "माका तेवाच वाटला." ती तेव्हा तिथे नव्हतीच, मी सांगितल्यावर तिला वाटलं होतं.

बाबांनी कव्हर उजेडात धरून खूण तपासली. "खूण आपलीच आसा," ते म्हणाले. "म्हंजे वरसून आपली. आतला काढून घेतल्यान. पेटी आपली, आंबे दुसऱ्याचे."

शेजारचे काका मुंबईच्या गोदीत नोकरी करून आता गावी आलेले आहेत, यंत्रांतलं त्यांना कळतं असं सगळे समजतात. त्यांनी डिस्क हातात घेऊन वजन केल्यासारखं केलं. "थय असाच करतत. कवच ठेवतत, चकती बदलतत."

"उद्या मीच येतंय तुझ्यावांगडा," बाबा म्हणाले. 'वांगडा' म्हणजे सोबत.

त्या संध्याकाळी मला जे वाटलं ते लिहायला संकोच होतो, पण ते लिहिलं नाही तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मला थोडं हलकं वाटलं. दोन वर्षांत दोन रविवार असे होते, की मी विहिरींवर गेलेच नव्हते. एकदा तापाने पडले होते, एकदा आतेबहिणीचं लग्न होतं. त्या दोन्ही वेळी मी आधीचा आणि नंतरचा आकडा बघून मधला आकडा भरला. म्हणूनच ते नीट दिसत होते. आता फोटोच नसतील, तर ते दोन रविवारही कोणाला दिसणार नाहीत. दुकानवाल्याने चोरले, एवढं सांगितलं की झालं. सर कदाचित मानतील. कुडाळच्या दुकानदारावर कोणीही पटकन संशय घेईल. मी स्वतः किती पटकन घेतला होता.

सकाळी बाबांनी तहसीलदार कचेरीत जाताना घालायचा पांढरा शर्ट घातला. तो घातला की ते कचेरीतली मराठी बोलतात. दुकानात शिरून त्यांनी डिस्क टेबलावर ठेवली.

"आमच्या मुलीची डिस्क आपण बदललेली आहे, असं आमचं म्हणणं आहे."

मालकांनी कव्हर उघडलं. टेबलाच्या खणातून भिंग काढलं आणि डिस्कच्या टोकाकडचे सोनेरी दाते बघितले. वायर जिथे बसते ती जागा. एकदा बघितलं, पुसून परत बघितलं. मग भिंग बाबांच्या हातात दिलं आणि ते एकदम मालवणीवर आले.

"तुमीच बघा."

बाबा वाकले.

"काय दिसता?"

"तांबडा काय तरी आसा."

"तुमी पेट्ये रंगवतास. सांगा, काय ता?"

बाबांनी बराच वेळ भिंग हलवलं नाही. "ऑइल पेंट," ते म्हणाले.

"कोणाचो?"

"आमचो."

कडेवर जास्त बसलेला रंग, उभी करून ठेवलेली डिस्क. रात्रभर तो ओघळून दात्यांवर उतरला होता आणि नंतर तिथेच वाळला होता. सगळे दाते एका पातळ तांबड्या पापुद्र्याखाली गेले होते. ना वीज आत जात होती, ना काही बाहेर येत होतं. नेलपॉलिश सांडलं होतं का, असं त्यांनी मला विचारलं होतं, तेव्हा मी खरं सांगितलं असतं तर त्यांनी ते तिथेच पुसून दिलं असतं.

"रॉकेल लावलां तर जायत," बाबा हळू आवाजात म्हणाले.

"रॉकेल नको हो, ही काय फळी नाय." त्यांनी कापसाला स्पिरिट लावलं आणि दातकोरणी घेतली. "तुमी भिंग धरा. हात हलता नये."

बाबांनी भिंग धरलं. वीसेक मिनिटं दोघं एकमेकांच्या डोक्याला डोकं लावून बसले होते. एकदा मालक म्हणाले, "रंग बाकी चांगलो वापरतास. निघणा नाय," आणि बाबा हसले नाहीत, पण त्यांचे खांदे जरा खाली आले.

वायर जोडली. आधी दिवा, मग हाताला कळेल न कळेल अशी थरथर, आणि पडद्यावर माझे फोल्डर. मालकांनी स्टूल भिंतीकडे फिरवलं आणि आमच्याकडे पाठ करून बसले.

"आता तुमचा तुमी बघा. तुमच्या चेडवान माका बघू नको म्हणान सांगल्यान हा."

मला तोंड वर करता येईना. मी फोटो नव्या डिस्कवर घ्यायला लावले. तासभर लागेल असं पडद्यावर आलं.

भिंतीकडे बघतच ते म्हणाले, "तुमची खूण माका पयल्याच दिवशी वळखूक इली. दोन वर्सांमागे ह्या खुणेची पेटी मी हयच, स्टँडार घेतलेलंय. वरचो थर असो, मूठभर एकेक आंबो. खाली सगळे बारके."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"काय बोलतलंय? तू आधीच माझ्याकडे चोराकडे बघतत तसा बघत होतंस. मी म्हटलंय, ह्यांच्यावांगडा आपण वायच जपान ऱ्हवलेला बरा. म्हणान सही घेतलंय."

म्हणजे तो कागद. मला वाटलं होतं, तो सगळ्यांकडून घेतात.

"ती पेटी कोणीतरी मधी फोडल्यान असतली," बाबा म्हणाले.

"असतली," मालक म्हणाले. त्यांनी वाद घातला नाही. उठून चपला घातल्या. "मी जेवान येतंय. कोण इलो तर बसूक सांगा."

आणि ते गेले. दुकान उघडं, खण अर्धा उघडा, टेबलावर इतरांचे लॅपटॉप आणि फोन, आणि आत आम्ही दोघं. बाबा तासभर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले. समोर पडलेला पेचकसही त्यांनी बाजूला केला नाही. एक बाई फोन घ्यायला आली, तिला त्यांनी कचेरीतल्या मराठीत बसायला सांगितलं.

परतीच्या गाडीत कुडाळ मागे पडल्यावर बाबा खिडकीकडे बघत म्हणाले, "त्या वर्सा वारो इललो. मोठे आंबे झडले. दलाल पेट्ये मोजून मागी होतो." थोड्या वेळाने म्हणाले, "खालचो थर मीच भरलेलंय."

मी विचारलेलं नव्हतं. त्यांनी सांगितलं, म्हणून मग मलाही सांगावं लागलं. दोन रविवार, नऊ विहिरी, अंदाजाने भरलेले आकडे. त्यांना आधी कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं.

"म्हंजे खाली बारके," बाबा म्हणाले.

"हो."

"सरांका सांगतलंस?"

"बघते."

उतरताना डिस्कची पिशवी बाबांनी स्वतःच्या हातात घेतली.

दोन दिवसांनी सरांच्या खोलीत मी जुनी डिस्क जोडली. सरांनी आकड्यांचा तक्ता पुढ्यात घेतला आणि पहिल्या तारखेपासून एकेक फोटो बघायला सुरुवात केली. विहीर, कठडा, मीटर, आकडा. त्यांचं बोट तक्त्यावरून खाली सरकत होतं. तापाचा रविवार दुसऱ्या पानाच्या मध्यावर होता. बोट पान उलटायला गेलं, तेव्हा मी म्हणाले, "सर, पुढे दोन तारखांचे फोटो नाहीत. मी गेले नव्हते. आकडे मी भरले."

सर थांबले. "बाकीचे?"

"बाकीचे मोजलेले आहेत."

खरं सांगितलं की माणूस आपल्यावर विश्वास ठेवतो, असं मला वाटलं होतं. सरांनी खुर्ची पुढे ओढली आणि बघितलेले फोटोसुद्धा पहिल्यापासून पुन्हा बघायला घेतले. आधी ते फक्त आकडा बघत होते, आता फोटो मोठा करून तारीख बघायला लागले. एका फोटोत मीटरवर माझ्या बोटाची सावली होती, तिथे त्यांनी आकडा पुन्हा पुन्हा वाचला. शिपाई दोनदा डोकावून गेला. शेवटी त्यांनी अठरा आकड्यांवर आडवी रेघ मारली, शेजारी 'नोंद नाही' असं लिहिलं आणि खाली सही केली.

"हे आधी सांगितलं असतंस तर माझी दुपार वाचली असती," ते म्हणाले. मग डिस्क काढून देताना कव्हरमधून दिसणारा गोल आणि दोन रेघा त्यांनी पाहिल्या. "हे काय आहे?"

"आमची खूण आहे, सर. घरची."

प्रकल्पात मला काठावरचे गुण मिळाले, पण वर्ष वाचलं. जुनी डिस्क आता खोबऱ्याच्या वड्यांच्या पत्र्याच्या डब्यात असते. विहिरींवर मी अजून जाते. फोटो आधी लॅपटॉपवर घेते, मग जुन्या डिस्कवर. ज्या रविवारी जायला जमत नाही, त्या रविवारची जागा कोरी ठेवते. दात्यांच्या कोपऱ्यात अजून थोडा रंग राहिला आहे. त्याने अडत नाही.

एप्रिलमध्ये पेट्या भरायला सुरुवात झाली. बाबा मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, बसून भरतात. पहिला थर लावून झाला की वर पेंढा पसरायच्या आधी मला हाक मारतात. "बघ गो." मी काम टाकून जाते, वाकून खालचा थर बघते, एखादा आंबा उचलून हातात धरते. तेवढा वेळ बाबा दुसरीकडे बघतात. मला कसंसंच होतं, तरी प्रत्येक पेटी मी बघते.